सुटलेला रकाना : स्वस्त आहाराच्या गणिताचा इतिहास

नववी-दहावीच्या वर्गाला एक गणित घालून पाहावे. एका माणसाला दिवसाला २४०० किलोकॅलरी ऊर्जा हवी आहे. समोर ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, बटाटे, मेथी, पेरू, दूध आणि अंडी अशी आठ जिनसांची यादी आहे. प्रत्येकाच्या १०० ग्रॅममध्ये किती ऊर्जा असते ते पुस्तकातून घ्यायचे आणि भाव मुलांनी वाण्याकडून किंवा बाजारातून विचारून आणायचे. कमीत कमी पैशांत ही ऊर्जा मिळवायची तर काय घ्यावे आणि किती घ्यावे? (तेल आणि साखर यादीत मुद्दाम घातलेली नाहीत. का, ते वर्गाला शोधू द्यावे.)

थोड्या वेळात कोणीतरी रुपयाला किती किलोकॅलरी पडतात ते काढतो आणि उत्तर सापडते : फक्त ज्वारी घ्यावी, दुसरे काहीही घेऊ नये. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ३५० किलोकॅलरी असतात, म्हणजे दिवसाला ६९० ग्रॅमच्या आसपास ज्वारी झाली की काम भागले. वर्ग हसतो. नुसती भाकरी कोण खाणार? मग आपण म्हणावे, ठीक आहे, प्रथिनांचाही रकाना वाढवा. दिवसाला ६० ग्रॅम प्रथिने हवीत. गंमत अशी की उत्तर बदलत नाही. १०० ग्रॅम ज्वारीत १० ग्रॅम प्रथिने धरली तर ६९० ग्रॅममध्ये जवळपास ७० ग्रॅम येतात. पोट भरण्याइतके धान्य मिळाले तर प्रथिनांची भरतीही बहुतांशी आपोआप होते. जगभर ‘प्रथिनांच्या तुटीची’ चर्चा चालू असताना पां. वा. सुखात्मे आणि सी. गोपालन यांनी आपल्याकडच्या आहारांबद्दल साधारण हीच गोष्ट सांगितली होती. (प्रथिन म्हणजे एकच पदार्थ नव्हे, ज्वारीत लायसिन कमी असते, ते डाळीत मिळते, ही तक्रार रास्त आहे, पण ती केली की आणखी एक रकाना वाढला.)

आता ‘क’ जीवनसत्त्वाचा रकाना घालावा. ज्वारीच्या ओळीत तिथे शून्य येते आणि उत्तर एकदम बदलते : ज्वारी, आणि सोबत पेरूची एक फोड. पेरूच्या १०० ग्रॅममध्ये हे जीवनसत्त्व दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते, त्यामुळे लहानशी फोडही पुरते.

बाजारभाव तेच राहिले, माणूसही तोच राहिला. कोष्टकात एक रकाना वाढला आणि काल जो पेरू पैशांची उधळपट्टी होता तो आज आवश्यक ठरला. कमी पैशांत घर कसे खाऊ घालावे हा प्रश्न वैज्ञानिकांनी गेल्या दोन-सव्वादोन शतकांत पुन्हा पुन्हा हाती घेतला आहे. त्या इतिहासात हेच वारंवार घडलेले दिसते. फरक इतकाच की तिथले उत्तर वहीत राहत नाही; त्यावर कोणाची तरी मजुरी ठरते, कोणाचे तरी रेशन ठरते.

तांब्याची खोली

या कामातला सर्वांत जुना माणूस अठराव्या शतकाच्या अखेरचा आहे आणि तो पदार्थवैज्ञानिक आहे. त्याच्याकडे शेवटी येऊ. आहाराचे आणि खर्चाचे कोष्टक आज आपण मांडतो त्या रूपात प्रथम नेटाने मांडले ते विल्बर अॅटवॉटर (१८४४–१९०७) यांनी.

अॅटवॉटर हे अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातील वेस्लियन विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. जर्मनीत आहारशास्त्राचे नवे काम पाहून ते परतले आणि १८९०च्या दशकात त्यांनी एडवर्ड रोझा या पदार्थवैज्ञानिकाच्या साहाय्याने एक विलक्षण उपकरण बांधले. सुमारे सात फूट लांब आणि चार फूट रुंद, आतून तांब्याच्या पत्र्याने मढवलेली एक बंद खोली. तिच्यात एक माणूस काही दिवस राहायचा. आतच जेवायचा, झोपायचा, वाचायचा आणि सांगितले की व्यायामाच्या सायकलवर पाय मारायचा. खोलीतून नळीने पाणी खेळवलेले असे. ते किती तापले यावरून माणसाच्या शरीरातून किती उष्णता बाहेर पडली ते कळे. श्वासातला कार्बन डायऑक्साइडही मोजला जाई. अन्नातून आत गेलेली ऊर्जा आणि बाहेर आलेली ऊर्जा यांचा ताळा फार बारकाईने जमला. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम वाफेच्या इंजिनाप्रमाणे माणसालाही लागू पडतो, हे इतक्या काटेकोरपणे तोवर कोणी दाखवले नव्हते. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली ऊर्जा आजही ज्या गुणकांनी काढतात (प्रथिने व कर्बोदके ग्रॅमला ४ आणि स्निग्ध पदार्थ ग्रॅमला ९ किलोकॅलरी) ते मुळात अॅटवॉटर यांच्या कामातून आलेले आहेत.

इतके भक्कम मोजमाप हाती असलेल्या माणसाने त्याचा उपयोग गरिबांसाठी करावा, हे साहजिक होते. तेव्हाच्या अमेरिकेत कामगाराच्या मिळकतीचा फार मोठा भाग अन्नावर जाई. एका ठरावीक रकमेत कोणत्या पदार्थातून किती प्रथिने आणि किती ऊर्जा मिळते याचे तक्ते अॅटवॉटर यांनी प्रसिद्ध केले. सरकारी कृषी खात्याच्या पत्रिकांमधून ते घरोघर पोहोचले. त्यांचा सल्ला स्पष्ट होता : मांसाचे महाग तुकडे घेऊ नका, स्वस्त घ्या, पीठ, वाटाणे-घेवड्यासारखी कडधान्ये आणि बटाटे घ्या. हिरव्या पालेभाज्या आणि संत्री? त्यांत बहुतेक पाणीच. त्या रकमेत ऊर्जा नगण्य मिळते, तेव्हा गरिबाने त्यांवर पैसे घालणे ही चैन.

कोष्टकाच्या दृष्टीने हे अगदी बरोबर होते. आपल्या वर्गातल्या मुलांनी पहिल्या फेरीत काढलेले उत्तर हेच तर होते. त्याच दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन पॉलिश केलेल्या तांदळावर वाढणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार का होतो याचा शोध घेत होते. पण त्या कोंबड्यांचा अमेरिकेतल्या कोष्टकाशी संबंध आहे हे कोणाला सुचण्याची सोय नव्हती. ‘व्हिटामिन’ हा शब्द काझिमिर फुंक यांनी १९१२मध्ये घडवला. तेव्हा अॅटवॉटर जाऊन पाच वर्षे झाली होती.

यात अॅटवॉटर यांची चूक काढणे आम्हाला अन्यायाचे वाटते. जीवनसत्त्वांचा रकाना कोणाकडेच नव्हता. त्यांच्या कोष्टकात जो रकाना होता त्यातला एक आकडा मात्र खरोखर चुकला होता : मध्यम कष्ट करणाऱ्या पुरुषाला दिवसाला १२५ ग्रॅम प्रथिने लागतात असे ते धरत. सुस्थितीतले कामगार किती खातात हे पाहून ती गरज ठरवलेली होती. लोक जेवढे खातात तेवढी त्यांची गरज, असे मानण्याचा मोह या विषयात फार जुना आहे, आणि तो पुढेही भेटणार आहे. १९०४मध्ये येल विद्यापीठाच्या रसेल चिटेंडन यांनी स्वतःवर, सहकाऱ्यांवर आणि सैनिकांवर प्रयोग करून त्याच्या निम्म्या प्रथिनांतही माणूस ठणठणीत राहतो असे दाखवले.

आणखी एका रकान्याचा धडा बॉस्टन शहरात मिळाला. तिथे १८९०मध्ये एलन रिचर्ड्स आणि मेरी हिनमन एबल यांनी शास्त्रशुद्ध, पौष्टिक आणि स्वस्त असे शिजवलेले अन्न विकणारे ‘न्यू इंग्लंड किचन’ सुरू केले. सूप, रस्से, सगळे मोजून-मापून. ज्यांच्यासाठी ते काढले त्या स्थलांतरित कामगारांनी तिकडे पाठ फिरवली. त्यांना आपापल्या देशाचे जेवण हवे होते. कामगार पुढाऱ्यांना तर वेगळीच शंका आली. इतक्या थोड्या पैशांत जेवता येते असे शास्त्राने सिद्ध केले, तर मालक मजुरी कशाला वाढवतील? ही शंका खोटी म्हणता येणार नाही. स्वस्त आहाराचा आकडा निघाला की तो कोणाच्या हातात पडेल हे काढणाऱ्याच्या हाती राहत नाही.

७७ जिन्नस, ९ रकाने

१९४५पर्यंत चित्र पालटले होते. जीवनसत्त्वांचा शोध लागला होता, अन्नपदार्थांतली त्यांची प्रमाणे मोजली गेली होती, आणि युद्धकाळात अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने रोजच्या गरजांचे अधिकृत आकडे जाहीर केले होते. त्या वर्षी जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने (त्यांना १९८२चे नोबेल मिळाले, पण ते वेगळ्या कामासाठी) एक छोटा प्रश्न मांडला. ७० किलो वजनाच्या, माफक कष्ट करणाऱ्या पुरुषाच्या सर्व गरजा भागवणारा वर्षाचा सर्वांत स्वस्त आहार कोणता?

कोष्टकात ७७ पदार्थ होते आणि रकाने नऊ : ऊर्जा, प्रथिने, कॅल्शियम, लोह, ‘अ’ जीवनसत्त्व, थायमिन, रायबोफ्लेविन, नायसिन आणि ‘क’ जीवनसत्त्व. भाव ऑगस्ट १९३९चे. ७७ अज्ञात राशी आणि नऊ अटी. असे गणित नेमके सोडवण्याची रीत तेव्हा उपलब्ध नव्हती. स्टिग्लर यांनी युक्तीने वाट काढली. जो पदार्थ सर्वच बाबतींत दुसऱ्या एखाद्यापेक्षा महाग पडतो तो आधी काढून टाकायचा. अशी गळती लावत त्यांनी यादी १५ पदार्थांवर आणली आणि मग निरनिराळी मिश्रणे करून पाहिली. उत्तर आले ते असे : वर्षाला गव्हाचे पीठ १६८ किलो, घेवड्याच्या वर्गातले पांढरे वाळके दाणे १२९ किलो, कोबी ५० किलो, पालक १० किलो आणि आटवलेल्या दुधाचे ५७ डबे. खर्च ३९ डॉलर ९३ सेंट, म्हणजे दिवसाला जेमतेम ११ सेंट.

आपल्याकडच्या गृहिणीने ही यादी पाहिली तर ती म्हणेल, पोळी, उसळ, कोबीची भाजी, पालक, थोडे दूध. यात नवे ते काय? खरेच, अॅटवॉटर यांनी चैन ठरवलेला पाला या यादीत मानाने परत आला आहे. मात्र प्रमाण पाहावे. रोज साडेतीनशे ग्रॅम कोरडे कडधान्य, वर्षभर, बदल नाही. स्टिग्लर यांनी स्वतःच बजावले होते की असा आहार कोणी कोणाला सुचवू नये. त्यांना दाखवायचे होते ते निराळे. त्या काळचे आहारतज्ज्ञ जे ‘किमान खर्चाचे’ आहार सांगत त्यांचा खर्च याच्या दुपटीहून अधिक होता. मग वरचा पैसा कशाचा? चवीचा, बदलाचा, चारचौघांत शोभेल अशा जेवणाचा. तो खर्च गैर आहे असे स्टिग्लर यांचे म्हणणे नव्हते. सवयीचा खर्च शास्त्राची गरज म्हणून दाखवू नका, दोन्ही वेगळे मोजा, इतकेच ते सांगत होते. हा प्रामाणिकपणा आम्हाला त्या ३९.९३ या आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो.

नऊ कारकून

हे उत्तर खरोखर सर्वांत स्वस्त आहे का? सिद्धता नव्हती. दोनच वर्षांनी, १९४७च्या उन्हाळ्यात, अमेरिकी वायुदलाच्या नियोजनावर काम करणाऱ्या जॉर्ज डँट्झिग या गणितज्ञाने अशा प्रश्नांसाठी ‘सिंप्लेक्स’ पद्धत शोधली. आज आपण लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतो त्या विषयाचा पाया तिथे पडला. पद्धत घासून पाहायला मोठे उदाहरण हवे होते. स्टिग्लर यांचे आहाराचे गणित आयतेच मिळाले.

संगणक नव्हता. जॅक लॅडरमन यांनी ‘मॅथेमॅटिकल टेबल्स प्रोजेक्ट’मधल्या नऊ कारकुनांना कामाला बसवले. हा प्रकल्प १९३८मध्ये मंदीतल्या बेकारांच्या हातांना काम देण्यासाठी सुरू झालेला होता. हाताने चालवायच्या आकडेमोडीच्या यंत्रांवर या लोकांनी १२० मनुष्यदिवस खपून उत्तर काढले : ३९ डॉलर ६९ सेंट. आटवलेल्या दुधाच्या जागी थोडी कलेजी आली होती, बाकीची यादी तीच. स्टिग्लर अंदाजाने चालूनही वर्षाला फक्त २४ सेंटांनी चुकले होते.

पुढे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला डँट्झिग कॅलिफोर्नियातल्या रँड संस्थेत गेले. डॉक्टरांनी त्यांना वजन कमी करायला सांगितले तेव्हा त्यांनी ठरवले की आपला आहार संगणकाने ठरवावा. इथे पैसा वाचवायचा नव्हता, भूक भागवायची होती. म्हणून कमी ऊर्जेत पोट जास्तीत जास्त भरल्यासारखे वाटेल असे गणित मांडले. संगणकाने पहिल्या दिवशी इतर जिनसांबरोबर ५०० गॅलन व्हिनेगर प्यायला सांगितले. व्हिनेगर यादीतून काढले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, सूपच्या खारट वड्या रोज २०० घ्या. डँट्झिग यांनी तीन-चार वड्या गरम पाण्यात घालून पाहिल्या आणि पहिला घोट थुंकून टाकला. मिठाला वरची मर्यादा असते हे त्यांनी संगणकाला सांगितलेच नव्हते, कारण कोष्टकात सगळ्या अटी ‘किमान इतके हवे’ अशाच होत्या. वड्यांवर मर्यादा घातली, तर यंत्र कोंड्याच्या मागे लागले. शेवटी त्यांच्या पत्नीने संगणकाच्या याद्यांतले तिला पटले तेवढे घेऊन स्वतःच आहार ठरवला आणि त्याने डँट्झिग यांचे वजन दहा किलोंच्या आसपास उतरले. ही हकिकत त्यांनी स्वतःच १९९०मध्ये खुसखुशीत लेखात सांगितली आहे.

(जाता जाता : आयआयटी मुंबईत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४मध्ये बेल प्रयोगशाळेत शोधलेली प्रसिद्ध रीत याच जातीच्या गणितांसाठी आहे. सिंप्लेक्स आकृतीच्या कडेकडेने चालते, करमरकरांची रीत आतून वाट काढते.)

‘कमाल’ अटीचे रकाने

‘जास्तीत जास्त इतकेच’ असे सांगणारा रकाना विसरला तर डँट्झिग यांच्या घरी विनोद झाला. आपल्याकडे त्याने माणसे लंगडी झाली.

विदर्भात भंडारा-गोंदियाकडे लाखोळी पिकते. तिलाच लाख किंवा खेसारी म्हणतात. धान उभे असतानाच त्यात बी फेकले की जमिनीतल्या ओलीवर पीक येते. मशागत नाही, पाणी नाही. दुष्काळातही तग धरते म्हणून डाळींत ती सर्वांत स्वस्त. वर १०० ग्रॅममध्ये सुमारे २८ ग्रॅम प्रथिने, म्हणजे तुरीपेक्षाही अधिक. स्टिग्लर यांच्या रीतीने कोणी गणित मांडले तर लाखोळी यादीत वर येणार यात शंका नाही. पण हीच डाळ महिनोन्‌महिने आहाराचा मोठा भाग झाली तर पायांतली शक्ती जाते आणि ती परत येत नाही. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४च्या आपल्या पुस्तकात सागर भागातली अशी साथ नोंदवली आहे : काही वर्षे गहू बुडाला, लाखोळी तेवढी तरली, लोकांनी तीच खाल्ली आणि तरणीताठी माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. मध्य प्रदेशातल्या रेवा भागात विसाव्या शतकातही वेठबिगारांना मजुरीच लाखोळीच्या रूपाने मिळे. या डाळीतले चेतापेशींना घातक असणारे अमिनो आम्ल (ओडॅप) भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४मध्ये वेगळे काढले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिच्या विक्रीवर बंदी आली; महाराष्ट्राने आपल्यापुरती ती २००८मध्ये उठवली. गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिले तर हे द्रव्य बरेच कमी होते आणि इतर धान्य पुरेसे असताना अधूनमधून खाल्ली तर ती बाधत नाही. म्हणजे विष डाळीत होते हे खरे, पण लंगडेपणा आला तो ज्यांना दुसरे काही घेणे परवडत नव्हते त्यांनाच.

आपल्या वर्गातल्या पहिल्या उत्तराचीही तीच गत आहे. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६०मध्ये हैदराबादहून लिहिले की दख्खनमध्ये जवळजवळ ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा दिसतो. हा नायसिनच्या कमतरतेचा आजार. त्वचा काळवंडते, जुलाब लागतात, मन बिघडते. ज्वारीतल्या जादा ल्युसिनला त्यांनी कारण धरले. कारणाबद्दल पुढे मतभेद झाले, रोगी मात्र खरे होते. भाकरीबरोबर डाळ, दूध किंवा शेंगदाण्याची चटणी असली की हा धोका दूर राहतो. कोष्टकाला जे कित्येक वर्षे लागले ते आपल्या ताटात डावी-उजवीकडे आधीच वाढलेले होते, असे म्हणण्याचा मोह इथे होतो. पण तो आवरलेला बरा, कारण ज्यांना पेलाग्रा झाला त्यांच्या ताटात फक्त भाकरीच होती.

रोजचे आठ आणे

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यापुढचा प्रश्न स्टिग्लर यांच्या प्रश्नासारखाच दिसतो : पुरेसे खायला किती पैसे लागतात? पण त्यांनी तो उलट्या बाजूने धरला. सर्वांत स्वस्त मिश्रण कोणते हे त्यांनी शोधलेच नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीत हजारो कुटुंबांनी प्रत्यक्ष काय खाल्ले आणि किती खर्च केला याची आकडेवारी होती. तीत त्यांनी पाहिले की महिन्याला किती खर्च करणारी माणसे सरासरी २२५० किलोकॅलरींपर्यंत पोहोचतात. चव, सवय, सण, सरपण, कपडा, सगळे त्या खर्चात होते. १९६०-६१च्या भावाने उत्तर आले : खेड्यात माणशी महिना सुमारे १५ रुपये, शहरात साडेबावीस. खेड्यात रोजचे आठ आणे. आणि तेवढाही खर्च ज्यांना झेपत नव्हता असे लोक खेड्यांत सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के होते.

गणितज्ञाला ही रीत ढिली वाटेल. याच आठ आण्यांत शहाणपणाने खरेदी केली तर जास्त ऊर्जा मिळवता आली असती, हे खरेच आहे. पण गरीब माणूस कोष्टक पाहून खरेदी करत नाही. आपणही करत नाही. जी हुशारी पगारदाराकडून अपेक्षिलेली नाही ती मजुराकडून अपेक्षून त्याची दारिद्र्यरेषा खाली ओढणे दांडेकर-रथ यांनी टाळले. १९७९मध्ये नियोजन आयोगाच्या गटाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० किलोकॅलरी धरून हीच वाट पुढे नेली. वर्गाला घातलेल्या गणितातला २४०० हा आकडा तिथला आहे.

या आकड्यावर सर्वांत तिखट हरकत घेतली तीही पुण्यातूनच. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले सुखात्मे (१९११–१९९७) हे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत जवळजवळ दोन दशके संख्याशास्त्राची धुरा वाहून ते पुण्यात परतले होते. त्यांचे म्हणणे शिक्षकांना लगेच पटेल असे आहे. सरासरी गरज २४०० असेल तर निरोगी माणसांपैकी निम्म्यांची गरज त्याहून कमीच असणार. मग सरासरीखाली खाणाऱ्या प्रत्येकाला उपाशी कसे म्हणता? शिवाय एकाच माणसाचे खाणे आणि खर्च होणारी ऊर्जा आठवड्यागणिक वरखाली होते. शरीर काही मर्यादेत स्वतःला जुळवून घेते. म्हणून रेषा सरासरीच्या दोन प्रमाण-विचलने खाली ओढावी. तसे केले की उपाशी लोकांची टक्केवारी बरीच खाली येते. सुखात्मे यांचा दुसरा मुद्दा त्याहून मोलाचा होता : अशुद्ध पाण्याने वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाच्या पोटात गेलेले अन्न अंगी लागत नाही. घरातल्या अन्नाचा पैसा वाचवायचा तर आधी नळाचे पाणी शुद्ध करा. हा रकाना अॅटवॉटर, स्टिग्लर, दांडेकर कोणाच्याच कोष्टकात नव्हता.

दांडेकर यांनी १९८१मध्ये उलट उत्तर दिले. कमी खाणारा सुखवस्तू माणूस आपखुशीने कमी खातो. खालच्या उत्पन्नाचा माणूस कमी खातो तो पैसे नाहीत म्हणून. दोघांना एकाच वितरणातले बिंदू मानता येणार नाही. गोपालन यांचा आक्षेप वैद्यकीय होता : शरीर जुळवून घेते म्हणजे मूल खुरटते आणि मोठा माणूस काम कमी करतो, आणि त्या तडजोडीला आरोग्य म्हणू नये. आम्हाला स्वतःला पाण्याच्या बाबतीत सुखात्मे आणि रेषेच्या बाबतीत दांडेकर बरोबर वाटतात. वाद तिथेच मिटला नाही. २००९मध्ये सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने दारिद्र्यरेषा कॅलरींना बांधणेच सोडून दिले.

सरपण

लेखाच्या सुरुवातीचे गणित आम्ही काही वर्षांपूर्वी एका शाळेत दहावीच्या मुलांना खरोखरच दिले होते. यादी थोडी वेगळी होती, तीत राजमा आणि मसूर होते. बहुतेक मुलांनी भाव पाहून राजमा घेतला. एका मुलीने मसूर घेतली. गणित चुकले आहे असे आम्ही तिला सांगितले. तिने विचारले, “सर, गॅसचे पैसे कुठे धरायचे? राजमा शिजायला किती वेळ लागतो! आणि आई कामावरून सातला येते.” आमच्या कोष्टकात त्या दोन्ही गोष्टींना जागा नव्हती. स्टिग्लर यांच्या १२९ किलो दाण्यांनाही शिजायला तासन्‌तास लागले असते, आणि त्या इंधनाचा एक सेंटही त्या ३९.९३ मध्ये नाही.

मागे ज्याचे नाव घेतले नाही तो पदार्थवैज्ञानिक म्हणजे काउंट रम्फर्ड. तोफेच्या नळीला भोक पाडताना उष्णता अखंड निघत राहते हे दाखवून उष्णता हा द्रव नव्हे असे १७९८मध्ये सांगणारे तेच. त्याआधी ते म्युनिकमध्ये बव्हेरियाच्या राजवटीत अधिकारी होते. १ जानेवारी १७९० रोजी त्यांनी शहरातले भिकारी उचलून एका कामशाळेत आणले आणि त्यांना रोज सूप द्यायला सुरुवात केली : जव, वाटाणे, बटाटे, शिळ्या पावाचे तुकडे, व्हिनेगर, मीठ आणि भरपूर पाणी. पाव कडक असावा, म्हणजे चावायला वेळ लागतो आणि जेवणाचे सुख लांबते, हा त्यांचा बारकावा. लोक बटाट्याला नाक मुरडत म्हणून तो सुरुवातीला ओळखू येणार नाही इतका शिजवला जाई. बराच वेळ शिजवल्याने पाण्याचेच अन्न होते, अशी त्यांची ठाम समजूत होती. ती साफ चुकीची होती, आणि त्या पातळ सूपावर युरोपभर कितीतरी गरिबांनी दिवस काढले.

पण उष्णतेचा अभ्यासक असल्यामुळे असेल, त्यांनी चुली सुधारल्या आणि लाकूड तोलून पाहिले. त्या सूपाच्या रोजच्या जमाखर्चात जव, वाटाणे, बटाटे आणि पाव यांच्या किमतीबरोबर सरपणाची किंमत आहे, आणि स्वयंपाक करणाऱ्या तीन बायकांची मजुरी आहे.